अर्ध्यावर थांबलेला प्रयोग

शनिवारी सकाळी रंगारी पालथ्या बादलीवर बसून नातीच्या खोलीची भिंत खरवडत होता. खिडकीखालचा तो कोपरा कायमचा ओला. कितीही रंग द्या, महिन्याभरात काळी बुरशी पुन्हा डोकं वर काढायची. आज त्यानं गिलावाच काढायचं ठरवलं होतं. विटा उघड्या करायच्या, गळका पाइप शोधायचा आणि भिंत हाडापर्यंत सुकू द्यायची. नातीला सकाळीच शेजारी खेळायला धाडलं होतं. तिच्या वाट्याला धुळीचा कणही यायला नको म्हणून दाराच्या फटीला ओलं फडकं लावलं होतं.

“बाबा, तोंडाला फडकं बांधा,” लेक स्वयंपाकघरातून ओरडली.

“बांधलंय. ही काय मिशी दिसतेय तुला?”

“आणि पंप?”

त्यानं सदऱ्यावर छातीपाशी थाप मारली. बाहेरच्या दोन्ही खिशांत खरवडायची पत्री, ब्रश, सुतळी असलं काहीबाही कोंबलेलं असायचं. त्यात दम्याचा पंप एकदा हरवला, तेव्हा लेकीनं त्याच्या प्रत्येक सदऱ्याला आतून तिसरा खिसा शिवून दिला होता, वर बटणासकट. पंप बाहेर काढला की तो म्हणायचा, “तिजोरी उघडली.”

त्या घरातला तो शेवटचा साधा दिवस होता. पण दिवस साधा आहे हे त्या दिवशी कुणाला कळत नाही. दुपारी तिघांनी एका ताटाभोवती बसून जेवण केलं. नातीनं, म्हणजे भिंगरीनं, आजोबांच्या केसांतला चुना झटकून “आजोबा म्हातारे नाहीत, नुसते मळलेत,” असा निकाल दिला. जावई मालगाडीवर गार्ड, आठवड्यातले चार दिवस बाहेर; त्याचा फोन येऊन गेला. लेक एका बाइंडिंगखान्यात पुस्तकं शिवायची. हाती येणारे फर्मे, म्हणजे छापील पानांचे गठ्ठे, शिवण्याआधी वाचून काढायची तिची सवय. पुष्कळदा पुस्तकाचा अर्धाच भाग हाती यायचा, उरलेला दुसऱ्या टेबलावर जायचा. तिला खूप माहीत होतं, पण बरंचसं असं अर्धवट.

भिंगरी तीन वर्षांची. दोन हिवाळे सर्दी झाली की तिची छाती शिट्टी वाजवायची. ती शिट्टी ऐकली की रंगाऱ्याचा घास हातातच राहायचा. त्याला ती ओळखीची होती. लहानपणापासून ती त्याच्याच छातीत वाजत आली होती आणि चाळीस वर्षांच्या चुन्यानं तिला आवाज चढवला होता.

मुलांच्या डॉक्टरीणबाई त्याला म्हणाल्या होत्या, “आजोबांना दमा आहे म्हणून नातीला होईलच असं नाही. होणारच नाही अशी हमीही मी देणार नाही. आपल्या हातात आहे ते करू. घरात धूर नको. सिगारेटचा नको, धुपाचा नको, डासांच्या कॉइलचाही नको. भिंतीची ओल काढा. लसी वेळेवर द्या. शेंगदाण्याचं कूट, अंडं हे सहाव्या महिन्यापासून देताय ते छान, उगाच कुणाचं ऐकून बंद करू नका. आणि आजोबा, तुमचा स्वतःचा पंप चुकवायचा नाही. तिला खेळायला धडधाकट आजोबा लागतात.”

त्यानं सगळं ऐकलं. सिगारेट तर भिंगरी जन्मली त्या दिवशीच सोडली होती. दवाखान्याच्या पायरीवर पाकीट चुरगाळलं ते कायमचं. आता भिंतही खरवडली. पण एक शब्द त्याच्या मनात रुतून बसला होता. तो स्वतः गिऱ्हाइकाला सांगायचा, “तीन वर्षं पोपडा धरणार नाही, हमी माझी.” आणि इतकी शिकलेली बाई साधी हमी देत नाही?

हमी देणारा मिळायला वेळ लागला नाही.

“उद्या श्वासगुरू येतायत,” संध्याकाळी हात धुताना तो म्हणाला. “मोठ्या सभागृहात. लहान मुलांचा दमा मुळापासून उपटतात म्हणे. नुसतं बघून येऊ. बघायला काय जातंय?”

लेकीला म्हणायचं होतं, बघायलाच जातात सगळे. पण आई गेल्यावर ज्या माणसानं तिची वेणी घालायला शिकून घेतलं, त्याला ती आजवर ‘नको’ म्हणाली नव्हती. ती म्हणाली, “जाऊ या.”

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. कडेवर, खांद्यावर, मांडीवर सगळीकडे पोरं. व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना कसल्याशा डिंकाच्या धुराचे लोट निघत होते आणि पोरं खोकत होती. पांढरेशुभ्र कपडे घातलेले श्वासगुरू ध्वनिक्षेपकात हसत म्हणत होते, “खोका, बाळांनो, खोका! रोग दार ठोठावतोय, त्याला बाहेर यायचंय!”

मधोमध काचेचं मोठं वाडगं होतं, खालून दिवा लावलेला. शेजारी झाकण घातलेला हंडा. पैलवानासारखा एक शिष्य त्यातून ओगराळ्यानं पाणी काढी आणि लगेच झाकण लावी.

“या जलाला दुनियेची हवा लागता कामा नये!” गुरू बजावत. “आणि नळीतून फक्त फुंकायचं. चुकूनही ओढायचं नाही. विष पोटात जाईल! श्वास म्हणजे काय? आत येतो तो पाहुणा, बाहेर जातो तो चोर. आज आपण चोराला रंगेहाथ पकडणार!”

लोक हसले. माणूस बोलायला पक्का होता.

“आणि पंप म्हणजे काय? पंप म्हणजे रोगाशी केलेला भाडेकरार! तुम्ही रोज भाडं भरताय, मग रोग घर सोडेल कशाला?”

टाळ्यांचा कडकडाट झाला. व्यासपीठाच्या कडेला एक निळं पिंप होतं. लोकांनी टाकून दिलेल्या पंपांनी ते अर्ध्यावर भरलं होतं.

दाराशी एक बाई प्रत्येकाला प्रेमानं विचारून लिहून घेत होती, घरात दमा कुणाला आहे, पंप कोण वापरतं. त्यामुळे भिंगरीचा पुकारा झाला तेव्हा गुरूंना सगळं ‘अंतर्ज्ञानानं’ ठाऊक होतं.

भिंगरीला नळी दिसताच आनंद झाला. तिनं गाल फुगवले आणि वाडग्यात बुडबुडे सोडले. काचेसारखं स्वच्छ पाणी आधी धुरकट झालं, मग ताकासारखं पांढरं. सभागृहातून एकच हुंकार उठला.

रंगाऱ्याचा चेहरा उतरला. “चुना,” तो कुजबुजला. “माझा चुना आहे तो. कपड्यांवरून मी घरात आणला. पोरीच्या छातीत गेला गं!”

त्या क्षणी लेकीच्या मनातही तोच शब्द उमटला, पण वेगळ्या जागेवरून. सातवीचा वर्ग, परीक्षानळी, चुन्याची निवळी. फुंकर घातली की पांढरी होते, कुणीही घातली तरी. तिनं तोंड उघडलं.

“थांबायचं नाही!” गुरू गरजले. “सगळ्या घरानं फुंकायचं! विष पुरतं जळेपर्यंत!”

नळी लेकीच्या हातात आली. ती फुंकत राहिली, मधून मंत्र चालले. बराच वेळ पाणी पांढरं ते पांढरंच. गुरूंनी डोळे मिटले. “अडतंय. घरातल्या वडीलधाऱ्यानं रोगाला धरून ठेवलंय. जोवर त्याचा पंप आहे, तोवर या कोवळ्या जीवाची सुटका नाही.”

रंगाऱ्यानं एकदाही मागे पाहिलं नाही. तिसऱ्या खिशाचं बटण काढलं, पंप काढला आणि पिंपात टाकला. प्लास्टिकवर प्लास्टिक आपटल्याचा हलका आवाज झाला. शिष्यानं त्याच्या हातात राखेची पुडी ठेवली; ती त्यानं त्याच खिशात घातली.

“आता फुंक, मुली!”

तिनं फुंकलं. आणि तिच्या डोळ्यांदेखत, तिच्याच श्वासानं, पांढरं पाणी विरळ होत गेलं. थोड्या वेळानं वाडग्याचा तळ दिसू लागला.

पाणी पांढरं होताना तिनं सातवीत पाहिलं होतं. पांढऱ्याचं पुन्हा पाणी होतं, हे तिला कुठल्याच इयत्तेत भेटलं नव्हतं. वाडगं बदललं असेल म्हणावं, तर नळी तिच्याच ओठांत होती. बाबा भिंगरीला छातीशी धरून रडत होते. ती काही बोलली नाही.

सोमवारी बाबा म्हणाले, “बरं वाटतंय.” मंगळवारी पहाटे त्यांची शिट्टी तिला दाराआडून ऐकू आली. कामावर जाताना तिनं औषधाच्या दुकानातून नवा पंप घेतला आणि पिशवीत ठेवला. रात्री देऊ, असं ठरवलं. रात्री ते भिंगरीच्या छातीला कान लावून बसले होते. “ऐक, एकदम साफ!” म्हणत होते. त्यांचा आनंद तिला मोडवेना. पंप पिशवीतच राहिला.

बुधवारी दुपारी बाइंडिंगखान्यात फोन आला.

शाळेची कुंपणभिंत रंगवायचं काम होतं. रंगाऱ्याचा जोडीदार तीस वर्षं त्याची शिडी धरत आलेला; भिंगरी त्याला शिडीकाका म्हणायची. त्यानंच सांगितलं, दवाखान्याच्या बाकावर बसून, स्वतःच्या हातांकडे बघत.

“खाली उतरला तो धापा टाकतच. मी म्हटलं, तिजोरी उघड. तर नुसताच हसला. मग हसूही जमेना त्याला. दोन्ही खिसे बघितले, पोरी. पत्री, सुतळी. मग आठवलं, तू आतून तिसरा शिवलायस. बटण काढलं. आत राखेची पुडी होती. नुसती राख. ती काय तोंडात घालू त्याच्या?”

तिनं मांडीवरची पिशवी घट्ट धरली. आत नवा पंप होता, वरचं वेष्टनही न फोडलेला.

आठ दिवसांनी त्या शाळेच्या विज्ञानाच्या बाई घरी आल्या. रुग्णवाहिका त्यांनीच बोलावली होती. ती येईपर्यंत रंगाऱ्याचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. त्यांनी विचारलं, “त्यांच्याकडे पंप कसा नव्हता?”

लेकीनं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सगळं सांगितलं. वाडगं, नळी, पांढरं झालेलं पाणी. आणि शेवटी, “ते पुन्हा स्वच्छ झालं, बाई. मी फुंकल्यावर. ते कसं झालं तेवढं मला कळत नाही.”

बाई उठल्या. “आत्ता चला माझ्याबरोबर.”

प्रयोगशाळेत त्यांनी चुन्याची निवळी पेल्यात ओतली आणि नळी तिच्या हातात दिली. “फुंका. थांबू नका.”

पाणी पांढरं झालं. ती फुंकत राहिली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकत होता. मग पांढरेपण पातळ झालं, आणि हळूहळू पेल्यातून पलीकडची खिडकी दिसू लागली.

“आपल्या श्वासात एक वायू असतो,” बाई म्हणाल्या. “माझ्या, तुमच्या, निरोगी, आजारी, सगळ्यांच्या. तो निवळीत मिसळला की चुन्याची बारीक पांढरी भुकटी तयार होते. आणि तो आणखी सोडत राहिलं, की तीच भुकटी विरघळून पाणी पुन्हा नितळ होतं. यात छातीतलं काही नाही. जे आहे ते वाडग्यातलं.” त्या खुर्चीवर बसल्या. “वीस वर्षं हा प्रयोग घेतेय मी. पाणी पांढरं झालं की मुलं टाळ्या वाजवतात, तास संपतो, आणि मी थांबते. अर्ध्यावर. उरलेला अर्धा त्या माणसानं उचलला.”

लेक पेल्याकडे बघत होती. बाबांनी चुना ओळखला होता, अगदी बरोबर. फक्त तो नातीच्या छातीतून आला असं त्यांना वाटलं. जन्मभर चुन्यात वावरलेल्या माणसाला चुन्याचा वास वेगळा येत नाही. तो त्याला स्वतःचाच वास वाटतो. हंड्यातून येणारा वास त्यांना आला कसा नाही, याचं उत्तर तिला तिथं मिळालं.

“येत्या रविवारी पुन्हा कार्यक्रम आहे,” ती म्हणाली.

रविवारी पुन्हा तसाच धूर, तसाच खोकला. शिडीकाकानं अंगावर कामाचेच कपडे घातले होते. बाईंच्या हातात एक पिशवी होती. लेकीचा पुकारा झाला, तेव्हा तिघंही व्यासपीठावर चढली.

“एकाच घरातली का सगळी?” गुरूंनी हसून विचारलं.

“हो,” शिडीकाका म्हणाला. “एकाच शिडीवरची.”

त्यानं सरळ वाडग्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं. “मंडळी, यात तीस वर्षं हात घातलाय मी. हा बघा भेगेत झोंबतोय. चुन्याचं वरचं पाणी आहे हे. माझ्या बादलीत रोज सकाळी असतं. पण माझी बादली बिचारी कधी गुरू झाली नाही!”

कुणीतरी हसलं. गुरूंचा आवाज चढला. “अश्रद्धाची बोटं लागली! जल बाटलं!”

“मग हंड्यातलं ताजं घ्या,” बाई म्हणाल्या, “आणि तुमच्या या पैलवानाला फुंकू द्या. याला दमा नाही ना?”

पैलवानानं गुरूंकडे पाहिलं. पुढच्या रांगेतला एकजण ओरडला, “फुंक की! छाती काय शोभेला ठेवलीयस?” हशा झाला. पैलवानाला माघार घेता येईना. त्यानं फुंकलं. पाणी पांढरंफेक.

“त्याच्या मनात संशय आहे, त्याचं हे विष!” गुरू म्हणाले. पण या वेळी टाळी वाजली नाही.

बाईंनी पिशवीतून सोड्याची बाटली काढली, झाकणात रबरी नळी बसवलेली. दुसऱ्या पेल्यात हंड्यातलं पाणी घेतलं, नळीचं टोक त्यात बुडवलं आणि बाटली हलवली. फसफसत बुडबुडे निघाले. पाणी पांढरं झालं. त्या हलवत राहिल्या. लोक बाकांवर उभे राहिले. पाणी निवळलं.

“सोड्यात तोच वायू भरलेला असतो, जो आपण श्वासातून सोडतो,” बाई मोठ्यानं म्हणाल्या. “आता सांगा, या बाटलीला दमा होता का? आणि तो बरा झाला का? हिचा पंप कोणत्या पिंपात टाकला?”

गुरू बोलत राहिले. ध्वनिक्षेपक बंद झाला तरी बोलत होते. काही लोक बाईंवरच चिडले. “आमच्या श्रद्धेवर घाला घालता?” एकानं बोट नाचवलं. एक आई मात्र खोकणाऱ्या तान्ह्याला पदराखाली घेऊन धुरातून बाहेर पडली. मग एक म्हातारी काठी टेकत पिंपापाशी गेली आणि वाकून आत हात घातला. “माझ्याला लाल दोरा बांधलाय,” ती पुटपुटत होती. तिच्यामागे आणखी दोघं उभे राहिले.

लेक पुढे आली. तिला बोलायची सवय नव्हती. तिचा आवाज फार लांब गेला नसेल, पण लोक हळूहळू गप्प झाले.

“दोन आठवड्यांपूर्वी मी इथं उभी होते,” ती म्हणाली. “माझ्या मुलीला दमा होऊ नये म्हणून माझ्या वडिलांनी त्यांचा पंप या पिंपात टाकला. तीन दिवसांनी ते गेले. मुलीच्या छातीसाठी खरं जे करायचं, ते त्यांनी आधीच केलं होतं. सिगारेट सोडली होती. ओली भिंत खरवडली होती. डॉक्टर त्यांना हमी देत नव्हत्या, कारण त्या खरं बोलत होत्या. तुमच्या पोरांना धुरात आणू नका. औषध बंद करायचं असेल तर देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. आणि एखादी गोष्ट कशी झाली हे कळलं नाही, तर ‘कळलं नाही’ एवढंच म्हणा. त्याला चमत्कार म्हणायची घाई करू नका. मी शहाणी होते. मला अर्धं माहीत होतं. उरलेलं अर्धं माहीत नव्हतं, म्हणून मी गप्प बसले.”

तिनं पिशवीतून नवा पंप काढला. मंगळवारचा. दातांनी त्याचं वेष्टन फोडलं. ती लोकांकडे बघत नव्हती. पिंपाशेजारच्या मोकळ्या जागेकडे बघत होती, जिथं त्या रविवारी बाबा पाठमोरे उभे होते.

“बाबा,” ती मोठ्यानं म्हणाली, “बटण काढू नका. हे पाणी पुन्हा स्वच्छ कसं झालं ते मला माहीत नाही. नसू दे. तेवढ्यासाठी पंप टाकायचा नाही. मी नको म्हणतेय, बाबा. ऐका माझं. खिशाचं बटण लावा आणि घरी चला. भिंत अजून अर्धी राहिलीय.”